मोजणी कोणत्या दारापासून सुरू होते?

माझ्या मावशीचे दुसरे बाळ चार दिवस जगले. १९७९ सालची ही गोष्ट. बाळंतपण गव्हाणला, घरातच झाले होते. दुसऱ्या दिवशी बाळाचे पोट फुगू लागले, तिसऱ्या दिवशी ते हिरवे ओकले. सुईणीने पोटाला एरंडेल चोळले, ओव्याचा शेक दिला, गुटी उगाळली. पाचवीच्या पूजेसाठी आणलेले सामान कोपऱ्यात तसेच राहिले. ‘सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं,’ असे आजी म्हणाली आणि घरापुरती ती गोष्ट संपली. पुष्कळ वर्षांनी मी मावशीला विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘त्यानं एकदाही शी केली नव्हती. मला दिसत होतं. पण सांगू कोणाला?’

मी डॉक्टर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात मी हिशेब लिहू लागलो. वाचनाची सवय होती, ती मावशीच्या त्या वाक्याने एका विचित्र दिशेला वळली. लहान बाळांच्या अन्नमार्गातले जन्मजात दोष आणि त्यांवरच्या शस्त्रक्रिया यांविषयीचे शोधनिबंध मी गेली बारा वर्षे वाचतो आहे. सुरुवातीला एकेका पानाला आठवडा लागायचा. वैद्यकशास्त्राबद्दल निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. पण निबंध हेही लेखन असते. ते कुठून सुरू होते, कोणाला पात्र म्हणून उभे करते, कोणाला वगळते, हे साध्या वाचकालाही विचारता येते. या लेखात मी तेवढेच विचारणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: बालशल्यचिकित्सेच्या संशोधनाने गेल्या शंभर वर्षांत अचाट काम केले, परंतु त्याची मोजणी रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते. माझ्या मावशीचे बाळ त्या दारापर्यंत पोचलेच नाही, म्हणून ते कोणत्याच आकड्यात नाही.

आधी या क्षेत्रातली एक जुनी चूक पाहू, कारण तिच्यातून पुष्कळ शिकता येते. १८८६ साली कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनच्या एका सभेत दोन बाळांची हकिकत मांडली. जन्मापासून तीव्र बद्धकोष्ठ, फुगलेले पोट, आणि मृत्यूनंतर पाहिले तर प्रचंड विस्तारलेले मोठे आतडे. दोन वर्षांनी ती हकिकत छापून आली. पुढे त्या आजाराला त्यांचे नाव मिळाले, आणि दुसरे नाव मिळाले ‘मेगाकोलन’, म्हणजे फुगलेले मोठे आतडे. त्याच १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता आणि वैद्यकीकडे वळण्यामागे त्यांचे स्वतःचे, अवघे दहा दिवस जगलेले बाळ होते.

‘मेगाकोलन’ या नावाने साठ वर्षे घोळ घातला. फुगलेला भाग डोळ्यांत भरतो, म्हणून शल्यचिकित्सक तोच भाग रोगट समजून कापत राहिले. मुले काही दिवस बरी वाटायची आणि पुन्हा पोट फुगायचे. बोस्टनमध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४० च्या दशकात एक साधी गोष्ट नीट पाहिली. ज्या मुलांच्या पोटावर शीसाठी वेगळी वाट काढली होती, ती छान वाढत होती. ती वाट बंद करून आतडे पूर्ववत जोडले की दुखणे परत येत होते. म्हणजे फुगलेले आतडे काम करू शकत होते. दोष होता त्याच्या खालच्या, दिसायला साध्या, अरुंद भागात. त्या भागात आतड्याला हालचाल देणाऱ्या मज्जापेशीच नसतात. त्या नसल्याची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच युरोपात काहींनी करून ठेवली होती. पण नजर फुगवट्यावर खिळली असल्याने ती कोणी मनावर घेतली नाही. १९४८ साली स्वेन्सन आणि अलेक्झांडर बिल यांनी अरुंद भाग काढून वरचे निरोगी आतडे गुदद्वाराला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढे दुहामेल, सोआवे वगैरेंनी त्या शस्त्रक्रियेची वेगवेगळी रूपे शोधली, पण पाया तोच राहिला.

साहित्याच्या वाचकाला यात ओळखीचे काहीतरी सापडेल. नाव चुकले की नजर चुकते. या संशोधनाच्या लेखनातली आजची नावेही मला तशीच तपासावीशी वाटतात. ‘उशिरा आलेला रुग्ण’ हे एक नाव. ‘पाठपुराव्यातून निसटलेला रुग्ण’ हे दुसरे. आपल्याकडच्या शोधनिबंधांत हे दोन शब्दप्रयोग इतक्या वेळा येतात की वाचणारा त्यांवर थांबेनासा होतो. दोन्ही वाक्यांत कर्ता रुग्ण आहे. उशीर त्याने केला, निसटला तो. चार दिवसांचे बाळ उशीर कसा करते? त्याला कोणी, कुठे, किती वेळ अडवून धरले, हे त्या नावात मावत नाही. फुगलेला भाग दिसतो, अरुंद भाग दिसत नाही.

मुंबईत या विद्येची पाळेमुळे परळला आहेत. गिरण्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वाडिया कुटुंबाने १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय उभारले. ज्या वस्तीत ही रुग्णालये आहेत तिथे तेव्हा गिरणी कामगारांच्या चाळी होत्या, आणि त्या कामगारांत आपल्या रायगड-रत्नागिरीचे लोक मोठ्या संख्येने होते. केवळ मुलांसाठीचे रुग्णालय ही कल्पनाच तेव्हा आपल्याकडे नवी होती. मोठ्यांवर करायची शस्त्रक्रिया लहान आकारात करणे म्हणजे बालशल्यचिकित्सा, असा समज जगभर होता. तो मोडायला बराच काळ लागला. अन्ननलिका मध्येच तुटलेल्या बाळाची नलिका जन्मानंतर एकाच शस्त्रक्रियेत थेट जोडून ते जगवण्यात कॅमेरॉन हेट यांना मिशिगनमधल्या ॲन आर्बर येथे यश आले ते १९४१ साली. त्याआधी हा दोष म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यू होता. आपल्याकडे बालशल्यचिकित्सकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली ती १९६० च्या दशकात. परळ आणि शीव इथल्या सार्वजनिक रुग्णालयांत त्या पिढीने ज्या गर्दीत आणि ज्या साधनांनिशी काम केले, ते वाचताना मान आपोआप खाली जाते. माझी टीका त्या हातांवर नाही, हे मुद्दाम सांगतो.

टीका आहे ती चौकटीवर. त्यासाठी अलीकडचा, या विषयावरचा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास घेऊ. २०२१ च्या जुलैत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ७४ देशांतली २६४ रुग्णालये, ३,८४९ मुले. अन्ननलिका तुटलेली असणे, उदरपटलाला छिद्र असणे, आतड्याचा भाग बंद असणे, आतडी पोटाबाहेर असण्याचे दोन प्रकार, गुदद्वार नसणे किंवा चुकीच्या जागी असणे, आणि हिर्शस्प्रुंगचा आजार असे सात जन्मजात दोष निवडले होते. प्रश्न सरळ होता: यांतली किती मुले रुग्णालयात दगावतात? उत्तर असे: श्रीमंत देशांत शंभरात ५.६, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४, गरीब देशांत ३९.८. आतडी आवरणाशिवाय उघडी बाहेर असलेल्या बाळांचे आकडे तर वाचवत नाहीत: श्रीमंत देशांत १.४, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३१.९, गरीब देशांत ९०.

हा अभ्यास मी तीनदा वाचला. त्याची मोठी देणगी म्हणजे त्याने शल्यचिकित्सकाच्या सुरीभोवतीचे वलय काढून टाकले. मृत्यू कशाशी बांधलेले होते, याची त्यातली यादी पाहा. रुग्णालयात पोचताना अंगात जंतुसंसर्ग भिनलेला असणे. गरज असताना कृत्रिम श्वासाचे यंत्र नसणे. तोंडाने दूध देता येत नाही अशा बाळाला शिरेतून पोषण देण्याची सोय नसणे. शस्त्रक्रियेआधी सुरक्षिततेची तपासणी-यादी न वापरणे. बाळ सुरीखाली कमी दगावते. सुरीच्या आधीच्या तासांत आणि नंतरच्या दिवसांत जास्त दगावते. ज्या देशात शल्यचिकित्सकाच्या हातगुणावर कादंबऱ्या लिहिल्या जातात, तिथे परिचारिका, सलाईन आणि ऊब यांच्याबद्दल एवढ्या नेमकेपणाने कोणी बोलले, हे मोठे काम आहे.

पण चौकट पाहा. मोजले गेले ते रुग्णालयात आलेले मूल आणि रुग्णालयातला मृत्यू. जे आले नाही ते मोजणीत नाही, आणि जे घरी गेल्यावर दगावले तेही नाही. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडू शकते. एखाद्या तालुक्यात सगळी अत्यवस्थ बाळे वाटेतच दगावली आणि धडधाकट तेवढी पोचली, तर तिथल्या रुग्णालयाचा आकडा सुधारलेला दिसेल. उलट, एखाद्या जिल्ह्याने गाडीची चांगली सोय केली आणि अत्यवस्थ बाळेही जिवंत पोचू लागली, तर रुग्णालयातले मृत्यू वाढलेले दिसतील. रस्ता सुधारला, आकडा बिघडला! दुसरे म्हणजे ‘मध्यम उत्पन्नाचे देश’ या एका रकान्यात परळही बसते आणि मेळघाटही. २०.४ हा आकडा त्या दोघांची सरासरी नाहीच. मेळघाटातले बाळ त्यात बहुधा शिरलेलेच नाही.

मेळघाटाचे नाव काढले म्हणून ‘डम्मा’विषयी बोलले पाहिजे. बाळाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने पोटावर डाग देण्याची ही प्रथा. त्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात आणि ‘अघोरी अंधश्रद्धा’ या मथळ्याखाली संपतात. डाग देणे क्रूर आहे, त्याने जखम आणि जंतुसंसर्ग होतो, त्याचे समर्थन कोणी करू नये. पण त्या बातमीत एक गोष्ट वाचायची राहून जाते. पोट फुगले आहे, हे आजीने बरोबर ओळखलेले असते. लक्षण वाचता आले, उपचार चुकला. माझ्या मावशीच्या घरी एरंडेल होते, तिकडे विळा आहे. दोन्हीकडे जवळपास दुसरे काही नव्हते. पाहणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो, तेव्हा त्याच्या पाहण्यातला बरोबर भागही फेकून देतो.

आता दुसऱ्या दाराकडे येऊ. महाराष्ट्रात नवजात मृत्यूवरचे एक संशोधन घराच्या दारापासून सुरू झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था उभारली. गावातल्याच बायांना शिकवून त्यांनी घरोघरच्या नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच त्यांचा निबंध आला: ३९ गावांत हे काम झाले, ४७ गावे तुलनेसाठी होती, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. पुढे २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंवरचा अहवाल आला, तो मराठी वाचकांना आठवत असेल. बालमृत्यूंचे सरकारी आकडे अपुरे का पडतात, हे त्या अहवालाने समाजासमोर आणले. या परंपरेचे मर्म असे की तिने आधी प्रत्येक जन्म मोजला आणि मग मृत्यू. कोणते बाळ आपल्यापर्यंत आले नाही, हा प्रश्न तिथे उरतच नाही, कारण मोजणाराच बाळापर्यंत गेलेला असतो.

दोन्ही परंपरा ‘लॅन्सेट’च्या पानांवर आहेत, दोन्हींत मराठी मुलखातल्या माणसांचे श्रम आहेत, आणि तरीही त्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. याला कारणही आहे. गावातल्या आरोग्यदूताला न्यूमोनियावर औषध देता येते, गार पडलेल्या बाळाला ऊब देता येते. बंद आतडे उघडता येत नाही. शिवाय हे दोष एकेकटे पाहिले तर विरळ आहेत. गुदद्वाराचे दोष जगभरात साधारण पाच हजार जन्मांमागे एक, हिर्शस्प्रुंगचा आजारही जवळपास तेवढाच. शंभर गावांत वर्षाकाठी एखादे बाळ. सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात हा आकडा किरकोळ ठरतो आणि शल्यचिकित्सेच्या हिशेबात ते बाळ ‘उशिरा आलेले’ ठरते. दोन हिशेबांच्या मधल्या फटीत ते पडते.

ही फट किती अरुंद आणि किती खोल आहे, हे दिवस मोजले की कळते. निरोगी, पूर्ण दिवसांचे बाळ बहुधा पहिल्या चोवीस तासांत काळी-हिरवी शी करते. अन्ननलिका तुटलेल्या बाळाच्या तोंडाला पहिल्या तासापासून फेस येतो, दूध पाजले की ते ठसकते, निळे पडते. आतडे बंद असेल किंवा पिळले असेल तर हिरवी उलटी होते. नवजात बाळाची हिरवी उलटी ही उलट सिद्ध होईपर्यंत शस्त्रक्रियेचीच तातडी समजायची, हे बालशल्यचिकित्सेतले पहिले सूत्र. म्हणजे जे पाहायचे ते पहिल्या दोन दिवसांत. सरकारी नियमाप्रमाणे साध्या प्रसूतीनंतर बाईने ४८ तास रुग्णालयात राहावे. पुष्कळ बाया त्याआधी घरी जातात, कारण घरी दुसरे लेकरू असते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी आशा कार्यकर्तीच्या घरभेटी ठरलेल्या आहेत तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हे वेळापत्रक चांगलेच आहे. पण माझ्या मावशीच्या बाळासाठी तिसरा दिवस हा उशिराचा दिवस होता. बाळंतिणीला घरी सोडताना ‘बाळाने शी केली का, गुदद्वार पाहिले का’ हे दोन प्रश्न विचारून कागदावर खूण केली, तर कोणतेही यंत्र न आणता ती फट बरीच बुजेल.

याच कारणासाठी एक सरकारी यादी मला खटकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाला. मुलांची शाळा-अंगणवाडीत तपासणी करून पुढचे उपचार मोफत द्यायचे, अशी ही मोलाची योजना. तिच्या मूळ यादीतल्या तीस आजारांत जन्मजात दोष नऊ होते: मज्जारज्जूचे दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडे पाऊल, खुब्याचा सांधा, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतल्या पडद्याचा आजार. अन्नमार्गाचा एकही दोष त्या नऊंत नव्हता. यातले तर्कशास्त्र समजते. अंगणवाडीत तपासायचे तर तिथवर पोचलेल्या मुलांचेच दोष यादीत येणार. अन्ननलिका तुटलेले बाळ अंगणवाडीत कधी येणारच नाही. म्हणजे इथेही मोजणी दारातूनच सुरू झाली, फक्त दार वेगळे. उपचाराच्या पैशाची बाजू त्या मानाने आधी सुधारली होती. २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता, आणि तिच्या यादीत बालशल्यचिकित्सा होती. तीच योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शस्त्रक्रियेला पैसे मिळाले. शस्त्रक्रिया हवी आहे हे कळण्याची व्यवस्था मागे राहिली.

जगलेल्या मुलांचे काय? या बाबतीत संशोधनाची नजर खरोखर बदलली, आणि तिचे श्रेय मोठ्या प्रमाणात मेक्सिकोच्या अल्बर्टो पेन्या यांना जाते. गुदद्वार नसलेल्या मुलांवर पूर्वी बरेचसे अंदाजाने काम चाले; आतले स्नायू नीट दिसतच नसत. पेन्या यांनी मागून मध्यरेषेवर छेद घेऊन सगळे स्नायू डोळ्यांसमोर उघडे करण्याची पद्धत १९८२ साली प्रसिद्ध केली. त्यांनी त्याहून अवघड काम केले ते पुढे. आपल्याच मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन त्यांनी साधे प्रश्न विचारले: शी स्वतःहून कळते का? चड्डी खराब होते का? बद्धकोष्ठ आहे का? २००५ मध्ये जर्मनीतल्या क्रिकेनबेक इथल्या परिषदेत जगभरच्या तज्ज्ञांनी जवळपास हेच प्रश्न मोजमाप म्हणून स्वीकारले. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही काही मुलांना नियंत्रण येत नाही, आणि त्यांना रोज ठरावीक वेळी एनिमा देऊन दिवसभर स्वच्छ ठेवता येते, हे पेन्या यांनी मोकळेपणाने सांगितले. पहिलीच्या वर्गात शेजारी कोणी बसत नाही, अशा मुलाच्या आयुष्यात या एका सल्ल्याची किंमत काय असेल!

हा सल्ला आपल्याकडे पोचवायचा तर ‘पाठपुरावा’ या शब्दाचा अर्थ पाहावा लागतो. गुदद्वाराच्या अवघड दोषांत बहुधा तीन शस्त्रक्रिया असतात: आधी पोटावर शीची वाट, मग मुख्य शस्त्रक्रिया, मग पोटावरची वाट बंद करणे. मधल्या महिन्यांत आईने रोज ती वाट स्वच्छ करायची, पिशवी परवडत नसेल तर फडके बांधायचे. प्रत्येक फेरीला बापाचा रोज बुडतो. आपल्याकडच्या शल्यचिकित्सकांनी एका टप्प्यात शस्त्रक्रिया उरकावी का, यावर बराच खल केला आहे, तो याच जाणिवेतून. पण निकालाच्या तक्त्यात मात्र शेवटी तो रकाना येतोच: इतकी मुले पाठपुराव्याला आली नाहीत, म्हणून वगळली. वगळलेल्यांचा निकाल आलेल्यांसारखाच असेल, असे धरून टक्केवारी काढली जाते. ती मुले का आली नाहीत? बरी झाली म्हणून, की शाळा सुटली म्हणून, की दगावली म्हणून? हा प्रश्न विचारायला टपालाचे एक कार्ड किंवा एक फोन पुरला असता. माझ्या मते ‘वगळले’ हा या संपूर्ण वाङ्मयातला सर्वांत महाग शब्द आहे.

हे सगळे बदलता येते का? येते, आणि त्याचा दाखला याच संशोधनात आहे. पित्त वाहून नेणाऱ्या नलिका जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच बंद झालेल्या बाळांवरची शस्त्रक्रिया जपानच्या सेंदाई इथे मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात शोधली. यकृत आतड्याला थेट जोडून पित्ताला वाट द्यायची. ती जितकी लवकर, साधारणपणे साठ दिवसांच्या आत, होईल तितका तिचा उपयोग. उशीर झाला की यकृत निबर होते आणि मग प्रत्यारोपणाशिवाय मार्ग राहत नाही. आता या आजारात बाळ दिसायला गुटगुटीत असते. डोळे पिवळे असतात, पण ‘बाळांची कावीळ’ म्हणून कोवळे ऊन दाखवले जाते, कोणी काविळीची माळ घालते. खरी खूण असते शीच्या रंगात: पिवळी नाही, पांढरट, मातकट. तैवानने काय केले? शीच्या रंगांची पट्टी छापली, ती बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत घातली आणि २००४ पासून देशभर प्रत्येक आईच्या हाती दिली. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या बाळांचे प्रमाण वाढले, आणि स्वतःच्या यकृतावर जगणारी मुलेही वाढली.

या पट्टीचे मला फार अप्रूप वाटते. त्यात नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. रोज लंगोट बदलणारी बाई जे पाहते ते पुरावा म्हणून मान्य केले गेले, एवढेच. ‘मला दिसत होतं, पण सांगू कोणाला’ या वाक्याला कोणीतरी छापील उत्तर दिले. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डातून अशी पट्टी प्रत्येक घरात पोचवणे खर्चाचे काम नाही. चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे आणि शी पांढरी, तर थांबू नका, एवढे एक वाक्य तिच्याखाली मराठीत हवे.

मराठीचा विषय निघाला म्हणून आपल्या साहित्याकडेही पाहिले पाहिजे. डॉ. अरुण लिमये यांचे ‘क्लोरोफॉर्म’ आले तेव्हा वैद्यकीय व्यवसायाकडे मराठी वाचक नव्या नजरेने पाहू लागला. डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ अनेक घरांत आहे. डॉक्टरांच्या आत्मकथनांची आपल्याकडे समृद्ध परंपरा आहे. पण रुग्ण मूल असले की या प्रकारच्या लेखनाची एक ठरीव घडण दिसते: रात्रीची वेळ, अत्यवस्थ बाळ, अवघड शस्त्रक्रिया, पहाटे बाळ रडते, आई पाया पडते. आई शेवटच्या परिच्छेदात येते आणि वाकते. तिने आधीचे तीन दिवस काय पाहिले, कोणाकोणाला सांगितले, कोणी तिला परत पाठवले, हा सगळा भाग कथेच्या आधीच घडून गेलेला असतो. म्हणजे आपले आत्मकथनही रुग्णालयाच्या दारापासूनच सुरू होते. त्यांना साहित्यिक म्हणून दोष द्यायचा तर तो भाषेचा नाही, आरंभबिंदूचा आहे.

याच संदर्भात डॉ. स्नेहलता देशमुख यांची आठवण होते. त्या बालशल्यचिकित्सक. शीवच्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या, आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव असावे, हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला. बाळांच्या आतड्यांवर आयुष्यभर काम केलेल्या बाईंना आईचे नाव कागदावर यावे असे वाटले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. नवजात विभागात बाळाला नाव नसते. खाटेवरच्या चिठ्ठीत ‘बेबी ऑफ’ लिहून पुढे आईचे नाव असते. तिथे आईच बाळाची ओळख असते. शोधनिबंधात येईपर्यंत मात्र ते नाव गळून जाते आणि उरते वय, वजन, ‘उशिरा आलेला रुग्ण’. त्याच शीवच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आतडी सडवणारा एक भयंकर आजार असतो, आणि आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. सुरीची वेळच येऊ नये म्हणून दुधाची बँक, हीसुद्धा बालशल्यचिकित्सेच्या इतिहासात लिहायची गोष्ट आहे.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले. २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीहून निघतो आणि आमच्या गावाजवळ जमिनीला लागतो. शिवडीहून परळ म्हणजे हाकेच्या अंतरावर. १९७९ साली पनवेलपर्यंत एसटी आणि तिथून पुढे मुंबईची दुसरी एसटी असा प्रवास होता. आज मोटारीने वाडिया रुग्णालय तासाच्या आत येते. फक्त या पुलावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, आणि मोटारीचा एका वेळचा टोल २५० रुपये आहे. गावातल्या ज्या घरांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या त्यांना परळ जवळ आले. कातकरवाडीवरच्या बाळंतिणीला ते पूर्वीइतकेच लांब आहे. नकाशावरचे अंतर सगळ्यांचे सारखे असते, बाळाचे नसते.

मागच्या पावसाळ्यात मावशी गेली. वयाची ऐंशी उलटली होती. तिच्या कागदपत्रांत रेशनकार्ड होते, भावांबरोबरचा सातबारा होता, तीन मुलांचे जन्मदाखले होते. चौथ्याचा कुठलाच कागद नव्हता. पाचवी झाली नव्हती, बारसे झाले नव्हते, जन्माची नोंद करायला कोणी गेले नव्हते, म्हणून मृत्यूचीही नव्हती. मी यार्डात तीस वर्षे आवक-जावक लिहिली. जो कंटेनर दारातून आत आलाच नाही तो आमच्या वहीत नसायचा, आणि त्याचे उत्तर द्यायची जबाबदारी आमची नसायची. कंटेनरच्या बाबतीत ते ठीक आहे.